सतराव्या पानावरचं झाड

ईस्टरला डोंगरातल्या केबिनमध्ये बसून खुनाची गोष्ट वाचायची, ही आम्हा नॉर्वेकरांची जुनी खोड. माझी आणखी एक आहे. लायब्ररीचं पुस्तक वाचून झालं की सतराव्या पानावर हिरव्या पेन्सिलीने इवलंसं झाड काढायचं, म्हणजे वाचलेलं पुस्तक ओळखता येतं.

"तुरीद, काय पुस्तक आहे गं! खुनी कोण, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही!" मी लेकीला ओरडून सांगितलं आणि सतरावं पान उघडलं.

तिथे माझी तीन झाडं आधीच उभी होती.

मी पुस्तक मिटून ठेवलं. धीर यावा म्हणून हल्लीची माझी लाडकी चेलोवादनाची तबकडी लावली. आज ती ऐकायची राहूनच गेली होती.

"आई, पुरे गं आता," तुरीद आतून म्हणाली. "सकाळपासून पाचव्यांदा लावतेयस."