तेजोमेघाचा मान

गणिताच्या सरांनी आकाशाचे फोटो काढायचा चांगला रंगीत कॅमेरा विकून काळा-पांढरा आणला, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, जग पुढे चाललंय आणि तुम्ही उलटे!"

"अगं, या शहराच्या दिव्यांनी आकाश पार फिकं पडलंय," सर म्हणाले. "ह्याला फिल्टर लावला, की दिव्यांचा उजेड बराचसा बाहेर राहतो आणि तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या त्या चमकत्या वायूच्या ढगाचा, तेवढा आत येतो."

तीन महिने सर इमारतीच्या गच्चीवर ठाण मांडून बसले. एकेका फिल्टरमधून कणाकणाने प्रकाश गोळा केला, प्रत्येकाला त्याच्या फिल्टरचा रंग देऊन सगळे फोटो एकावर एक जुळवले, आणि एके दिवशी संगणकाच्या पडद्यावर लालबुंद तेजोमेघ फुलला. बायकोसुद्धा हातातलं काम टाकून पाहतच राहिली.

इमारतीचे सेक्रेटरी तर हरखूनच गेले. त्यांनी तो फोटो भिंतीएवढा छापून घेतला, गच्चीवर लावला आणि संध्याकाळी सरांना हाताला धरून वर नेलं. सरांचे डोळे भरून आले.



"आणि चार हॅलोजन लावलेत, सर," सेक्रेटरी म्हणाले, "रात्रभर चालू राहतील, आता तुम्हाला इथं अंधारात चाचपडत बसायला नको!"