सव्वाचोवीसचा तारा

तक्त्यावरचा एकेक ठिपका माझा होता. फुटणारे तारे किती फिकट दिसतात याचे आकडे जमवून महिनाभर मीच खपले होते. आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माईक कुणाकडे? वर्गातल्या शर्वाणीकडे! का, तर बाई म्हणाल्या, "तिचा आवाज गोड आहे गं." माझा नुसता जळफळाट.

बोलत होतीही झकास, मेली. तेवढ्यात परीक्षकांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "या ताऱ्याची तेजस्वितेची प्रत अपेक्षित होती चोवीस, आली सव्वाचोवीस. म्हणजे काय?"

"तारा जास्त तेजस्वी, सर!"

अगं, तारा जितका फिकट तितका आकडा मोठा! तेजस्वी म्हणजे जवळ, म्हणजे विश्वाचं पसरणं मंदावतंय. एका वाक्यात बयेनं विश्वाचं पसरणं वाढवणारी अख्खी डार्क एनर्जी संपवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण परीक्षकांनी गुण लिहायला पेन उघडलं आणि मला एकदम उमगलं. चुकत होतं ते माझं विश्व होतं.

"फिकट, सर!" मी ओरडलेच. "अपेक्षेपेक्षा लांब गेलाय तो! पसरण्याचा वेग वाढतोय!"

शर्वाणीने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि माईक माझ्या हातात कोंबला. "घे बाई, तुझं विश्व तूच सांभाळ."

माईक घामाने ओलाचिंब होता. म्हणजे मगापासून ही घाबरलेली होती? मी तो ओढणीला पुसला, घसा खाकरला आणि जी सुटले, ती बाईंनी वेळ संपल्याची घंटा वाजवली तरी थांबले नाही.