दहा ते चारची पिपाणी

पुंजारामनं पिशवीतून लाल प्लास्टिकची पिपाणी काढली आणि काकासाहेबांच्या टेबलावर, अर्ध्या लिहिलेल्या कागदावरच ठेवली.

"ही आमच्या बोअरच्या पायपाला बसवली व्हती सर. बोअर कोरडा हाय, पाच साल झाले थेंब नाय. पण सकाळी दहाला आतून हवा यायला लागती अन् ही वाजती. चारला थांबती. मग पायपावर कागद धरला तर आत ओढून घेतो. रोजचं हाय."

काकासाहेबांनी पिपाणी दोन बोटांनी उचलून बाजूला केली. काकासाहेब गव्हाणे म्हणजे विज्ञानकथांची सतरा पुस्तकं आणि पेपरात दर रविवारी 'अजब विज्ञान' हे सदर. शहरात विज्ञानावर लिहिणारे आपण एकटेच, हे ते छावणी भागातल्या भाजीवालीलाही सांगून ठेवायचे. शनीच्या चंद्रावर त्यांचं रोजचं जाणं-येणं होतं. पुंजाराम जिथून आला होता त्या वैजापूरला मात्र ते एकदाच गेले होते, मेहुण्याच्या लग्नाला, आणि तिथल्या धुळीबद्दल अजून कुरकुरत होते.

त्यात सध्या त्यांच्या जिवाला घोर लागला होता. 'शंभर अजब' हे अठरावं पुस्तक नव्व्याण्णववर अडलं होतं. नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव अजब गोष्टी परदेशी वेबसाइटवरून उचललेल्या. प्रकाशक रूपालीबाईंनी तोंडावर सांगितलं होतं, "सर, हे सगळं लोकांच्या मोबाइलवर आहे. शंभरावं असं द्या, जे अजून कुणी वाचलेलं नाही. नाहीतर पुस्तक निघणार नाही." हे पुस्तक बुडालं तर पुढचं येणार नव्हतं. दोन वर्षांत काकासाहेबांना स्वतःची म्हणावी अशी एक ओळ सुचली नव्हती.

आणि शंभरावं अजब चपला दाराबाहेर काढून समोरच्या खुर्चीवर येऊन बसलं होतं. पण दिसायला डोळे उघडे पाहिजेत ना!

"काय करता तुम्ही?" काकासाहेबांनी विचारलं.

"हातपंप दुरुस्तीला व्हतो. आता रिटायर झालो."

"शिक्षण?"

"नववी."

काकासाहेबांना हवं ते उत्तर मिळालं. ते खुर्चीत मागे रेलले.

"वही दावू का सर? तीन सालाची हाय. रोजचा टाइम लिव्हलाय. ढग असले की कसा बदलतो, ते बी."

"दहा ते चार," काकासाहेब हसत म्हणाले. "भुतांना हजेरीपट असतो का हो? पगारपाणी कोण बघतं त्यांचं?"

पुंजाराम हसला नाही. "भूत म्या कुठं म्हणलं सर? भूत तर तुमीच काढलं."

हे काकासाहेबांना झोंबलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पुंजारामनं हातात काढलेली वही न उघडताच परत पिशवीत घातली. उठता उठता म्हणाला, "आमची सून हाय, संस्कृती. कालिजात भूगोल शिकवती. ती म्हणली, हे बाहेरदेशी पाठवू. म्या म्हणलं, थांब, आदी आपल्या सरांला दावू. तुमचं सदर म्या दर रविवारी कापून ठिवतो."

"पाठवा की," काकासाहेबांनी पिपाणी त्याच्या हातात दिली. "तिकडचे लोक रिकामेच बसलेत."

पुढे चार महिन्यांनी काकासाहेबांना शंभरावं सापडलं. कुठे? अर्थात मोबाइलवर. नावाजलेल्या परदेशी मासिकात कालच आलेला ताजा लेख होता. काळ्या खडकाच्या भेगांत हवा भरलेली असते. सकाळी दहानंतर बाहेरचा दाब उतरतो आणि जमीन श्वास सोडते. चारनंतर परत आत घेते. दहा ते चार वाचताना त्यांना पिपाणी आठवली का? आठवली. पण तो माणूस नववी शिकलेला होता आणि हा लेख पीएच.डी.वाल्यांचा होता, तेव्हा दोन्ही गोष्टी एकच असतील हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

एका बैठकीत त्यांनी भाषांतर उरकलं. अक्षांश-रेखांश तेवढे जसेच्या तसे ठेवले. आकडे घातले की वाचक दबतो, हा त्यांचा सतरा पुस्तकांचा अनुभव. शेवटचा परिच्छेद त्यांनी वाचलाच नाही. तिथे आभारबिभार असतात. त्याऐवजी स्वतःचं एक वाक्य ठोकून दिलं: 'अशी आश्चर्यं आपल्याकडे दिसत नाहीत, कारण आपल्याकडे बघणारी नजर नाही.'

औरंगपुऱ्यातल्या आपल्या ऑफिसात रूपालीबाईंनी पानं वाचली. मग मोबाइल घेऊन ते आकडे नकाशात टाकले.

"सर, हे ठिकाण कुठं आहे, बघितलं होतं का?"

"असेल आफ्रिकेत कुठंतरी."

"वैजापूरपासून सात किलोमीटर आहे."

रूपालीबाईंनी मूळ लेख उघडला, पार खाली गेल्या आणि एकेक वाक्य मराठीत करत वाचू लागल्या. "हे निरीक्षण पुंजाराम नावाच्या निवृत्त हातपंप मेकॅनिकचं आहे. तीन वर्षं त्यांनी वही ठेवली. ती घेऊन ते आधी आपल्या शहरातल्या विज्ञानलेखकाकडे गेले होते. लेखकानं वही उघडली नाही. भुतांना हजेरीपट असतो का, एवढंच विचारलं."

रूपालीबाईंनी त्यांची पानं नीट जुळवली, टाचणी लावली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"बोअरबद्दल आता जगानं वाचलं, सर," त्या म्हणाल्या. "त्या विज्ञानलेखकाची गोष्ट मात्र अजून कुणी वाचलेली नाही. शंभरावं त्याच्यावर लिहा."