फ्यूजच्या जागी तार

अल्लाबक्षने गाडीतल्या पलंगावरची गादी उचलून बाजूला फेकली आणि खालची फळी उघडली. जळक्या प्लास्टिकचा वास भपकन नाकात शिरला. फळी खालच्या अंगाने वीतभर काळी पडली होती. बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे जाणारी जाड केबल वितळून तिचं तांबं उघडं पडलं होतं. आणि मधोमध, जिथं त्याने स्वतःच्या हाताने फ्यूज बसवला होता तिथं, दोन बोल्टांना तांब्याच्या तारेचे आठ-दहा वेढे घातलेले होते. विहिरीवरची जळालेली मोटार नव्याने भरताना तिच्या कॉइलला गुंडाळतात ती तार. ती तर त्याने झोपेतसुद्धा ओळखली असती.

त्याचं डोकं सणकलं.

अर्ध्या तासापासून वसंतराव सर शेळगाव फाट्यावरच्या त्याच्या दुकानासमोर उभे राहून चार माणसांदेखत सांगत होते, की मिस्त्रीचं काम कच्चं निघालं. सर वडगाव निंबाळकरचे. सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी मिनीबस घेऊन त्यांनी तिचं हौसेने फिरतं घर केलं. दिवाळीआधी आठ दिवस गाडी इथंच उभी होती. जुनं वायरिंग उपटून अल्लाबक्षने सगळं नवं केलं. टपावर सोलर, पलंगाखाली मोठी बॅटरी, फ्रीज, एसी, शेगडीचा पॉइंट. गाडी ताब्यात देताना सरांना आणि त्यांच्या बायकोला, मंदाकिनीबाईंना, समोर बसवून त्याने बजावलं होतं, की एसी आणि शेगडी एकदम लावायची नाही, फ्यूज उडेल.

कोकणात पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही एकदम लावलं आणि फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई शेगडीवर भात लावून उभ्या होत्या, एसी चालू होता, आणि पलंगावर त्यांची पाच वर्षांची नात इरा झोपली होती. पलंगाखालून धूर निघाला. बाईंनी पोरीला उचलून बाहेर उडी टाकली, सरांनी बॅटरीची केबल ओढून काढली, म्हणून निभावलं. एवढं सगळं सरांनी चार माणसांना रंगवून सांगितलं होतं. तार तेवढी सांगायची राहिली होती.

अल्लाबक्ष दारात आला. तीस वर्षांत त्याच्या वायरिंगने कुणाची गाडी जळली नव्हती. आणि हा शिकलासवरला माणूस भर रस्त्यात त्याच्या नावाला काळं फासत होता.

"सर, वर या," तो म्हणाला. "ही तार कुणी घातली?"

सर वर आले. त्यांनी फळीखाली पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांच्यामागून मंदाकिनीबाई चढल्या.

मग अल्लाबक्षने काही शिल्लक ठेवलं नाही. खेड्यातला अडाणी माणूस मोटारीच्या पेटीत तार घालतो, त्याची मोटार जळते, फार तर ऊस वाळतो. इथं वर पोर झोपलेलं होतं. पोराचं काही झालं असतं, तर पोलीस कुणाच्या दारात आले असते? मिस्त्रीच्या. सर चूक झाली म्हणाले असते आणि घरी बसले असते.

"दहावीच्या पोरांना फ्यूजचा धडा तुमीच शिकवला ना?" तो म्हणाला. "मग तवा काय शिकवलं?"

सरांचा चष्मा पुसून होईना.

"फ्यूजच्या जागी तार घालायची न्हाय, हेच शिकवलं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा लाल झाला होता. "पस्तीस वर्षं तेच शिकवलं. घरात कधी घालू दिली न्हाय, माझ्या भावाशी त्यावरनं भांडलेत. मग तुमच्या हितं आठ दिवस स्टुलावर बसले. तुमचा कंप्रेसर चालू झाला की फ्यूज उडायचा, अन् तुमी बोलत बोलत तार घालायचा. रोज. मला म्हणाले, पुस्तकात लिहायचं ते लिहितात, मिस्त्रीला कळतंय त्यातलं."

बाईंनी फळीखाली बोट दाखवलं.

"अन् ही तारबी तुमचीच हाय, भाऊ. निघताना यांनी मागितली. तुमी दोन हात तोडून दिली. असूद्या गाडीत, म्हणालात."

त्याला आठवलं. कशाला हवी, हेसुद्धा त्याने विचारलं नव्हतं.

तो गाडीतून उतरला. दारातली माणसं बाजूला झाली. दुकानात कंप्रेसर घरघरत होता. भिंतीवरच्या बोर्डातला चिनीमातीचा फ्यूज त्याने हिसकून काढला, तसा कंप्रेसर थांबला, पंखा थांबला, शेजारच्या चहाच्या टपरीतला रेडिओही बंद पडला. टपरीला लाइट इथूनच होती.

"लाइट गेली का?" टपरीतून चहावाल्या म्हस्कूने विचारलं.

अल्लाबक्षचा राग अजून तसाच होता. बोर्डाकडे पाठ करून तो उजेडात उभा राहिला आणि पक्कडीने फ्यूजमधली तार उपटायला लागला. तारेवर तार चढत गेली होती, काळी पडून चिनीमातीला धरून बसली होती. ती निघेना.