तारेवर वाळणारे फोटो

दौलतरावानं तिसरं खोकं जमिनीवर उलटं केलं, तरी अंजनाचा जुना फोटो सापडेना. वाशीमच्या त्या खाजगी दवाखान्यात छातीचे फोटो काढणं, धुणं आणि जपून ठेवणं हे सगळं तो एकटाच करी. जपण्याची त्याची रीत म्हणजे एका गावाचे फोटो एका खोक्यात. अंजनाच्या गावाचं, किन्हीराजाचं खोकं मात्र धनजच्या खाली दडून बसलं होतं.

देवमन दारात उभा राहून वैतागला होता. एसटीत कंडक्टर झाल्यापासून त्याला उशीर सहन होत नसे. भाकरीची पिशवी त्यानं उजव्या खांद्याला अडकवली होती. लहानपणी चिंचेवरून पडल्यापासून डाव्या खांद्याशी टेंगूळ होतं, तिथं पट्टा टोचायचा. तिकिटांची पिशवीही तो उजवीकडंच घेई, आणि त्यावरून ड्रायव्हर त्याची थट्टा करत.

त्याची बायको अंजना बाहेर बाकावर बसली होती. आजार गेला, एवढं डॉक्टरांनी लिहून द्यावं म्हणून ती आली होती. त्याशिवाय तिची सासू नातीला घरात घेणार नव्हती. त्या नातीला, गंगूला, तान्ही असतानाच केनवडला मामाकडं धाडलं होतं. आता ती पोर आईला ओळखतही नसे, आणि त्या विचारानं देवमनचाही जीव तुटे.

दोन वर्षांमागं नोकरीसाठी त्याला छातीचा फोटो द्यायचा होता. अंजनाला खोकला होता म्हणून तिचाही काढला. दौलतरावानं दोन्ही ओले फोटो अंगणातल्या तारेवर टांगले, नावाच्या चिठ्ठ्या चिमट्यात अडकवल्या, आणि ह्यात डाग दिसतो बाई, असं अंजनाला दाखवून तो पुढच्या पेशंटकडं गेला. देवमन तेव्हा चहाला गेला होता. परत आला तेव्हा चौथी शिकलेली त्याची बायको तारेखाली बसून होती.

डाग तिच्या फोटोत निघाला. डॉक्टरांनी टीबी सांगितला. देवमनचा साफ फोटो नोकरीच्या कागदांसोबत गेला आणि नोकरी लागली.

घरी अंजनाचं ताट वेगळं झालं, बाज पडवीत गेली. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र ती रोज आधी देवमनच्या हातावर ठेवी.

"घरातल्या मान्सानं बी घ्या लागते, नाही तं तुमाले लागंल," ती म्हणे. "माह्यावाल्या मी तुमच्या मांगून घेतो."

तोही तोंड वाकडं करून गिळून टाकी.

शेवटी फोटो सापडला. डॉक्टरांनी जुना आणि आजचा शेजारी शेजारी खिडकीला लावले. जुन्यात लिंबाएवढा डाग होता. आजच्यात काहीच नव्हतं. देवमनला आधी हायसं वाटलं, पण डॉक्टर पुन्हा पुन्हा जुन्या फोटोकडं वळू लागले, तेव्हा तो गोंधळला.

"एवढ्या डागाची खूण मागं राहतेच," डॉक्टर म्हणाले. "इथं खूणही नाही. दौलतराव, हे दोन फोटो एका बाईचे आहेत का?"

दौलतराव शपथेवर आला. चिठ्ठी अंजनाची, पाकीट अंजनाचं. छातीवरून माणूस ओळखणं काही त्याला येत नव्हतं. डॉक्टरांनी अंजनाला आत बोलावलं.

"बाई, हे डावीकडचं गळ्याखालचं हाड पाहा. जुन्या फोटोत मोडून जुळलेलं आहे, आजच्यात सरळ आहे. तुमचं हाड कधी मोडलं होतं?"

अंजनानं फोटोकडं पाहिलंच नाही.

"कागद द्या ना साहेब," ती म्हणाली. "पोरीले आनाचं हाय."

"तिचं कायले मोडते?" देवमन चिडून म्हणाला. "फोटोच चुकीचा हाय. कोन्या दुसऱ्याचा हाय हा, ज्याचं हाड..."

बोलता बोलता त्याचा हात सवयीनं आपल्या डाव्या खांद्याशी गेला, आणि तिथंच राहिला.