सगळ्यांना जमेल अशी तिथी

"अष्टमीला नक्को," सुंदरीबाई म्हणाल्या. "गोकुळाष्टमी आहे. सण सणाच्या जागीं राहूं दे."

विश्वेशनं भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं होतं. देवनागरी या घरात सुंदरीबाईंखेरीज कुणाला धड वाचता येत नव्हती. पण तिथ्या तमिळ कॅलेंडरातही त्याच असतात. त्यानं बोट पुढच्या चौकोनावर नेलं.

"मग नवमी?"

"नवमीला नित्याची सौम्या जन्मली. लेकराच्या वाढदिवसाला नक्को."

नित्या समोरच बसली होती. ती कोइंबतूरहून आली होती. तिचा थोरला भाऊ विश्वेश आणि वहिनी वर्षा सिंगापूरहून. याआधी दोघं भावंडं एकाच वेळी तंजावूरच्या या घरात आली त्याला चार वर्षं झाली होती. दर सणाला फोन यायचा, पुढच्या वर्षी नक्की असं ठरायचं, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या मुलांची परीक्षा निघायची, कुणाचं ऑफिस आडवं यायचं. सुंदरीबाई रागवायच्या नाहीत. केलेले चकलीसारखे मुरुक्कू डब्यात भरून कुरियरनं पाठवून द्यायच्या. सणाला घरी न चुकता यायचा तो कुरियरवालाच.

आज मात्र जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि वर्षभराचे सणच वाटून टाकले. नवरात्रात मांडायच्या बाहुल्या नित्यानं न्यायच्या. गौरी-गणपती सुनेकडं. दिवाळी, संक्रांत ज्यानं त्यानं आपापल्या घरी.

"पण अम्मा, गौरी तुम्हीच करतां की दर वर्षीं," वर्षा म्हणाली.

"केलें तेवढें पुरे. आतां तूं कर."

त्यांनी गौरीचे मुखवटे जुन्या लुगड्यात बांधून सुनेपुढं सरकवले. वर्षानं ते दोन्ही हातांनी घेतले आणि मान खाली घातली.

"मला एकच दिवस द्या," सुंदरीबाई म्हणाल्या. "वर्षांतून एकदां दोघांनीं इथें यायचं, लेकरं घेऊन. सबबी चालायच्या नाहींत."

एवढाच त्यांचा हट्ट होता. सणाला मुलं येत नाहीत हे त्यांना केव्हाच कळून चुकलं होतं. त्यांना टाळता येणार नाही असा एक दिवस हवा होता, आणि तो मुलांच्या सोयीनं ठरवायलाही त्या तयार होत्या. आईनं मुलांकडं इतकं कमी मागावं याची विश्वेशला लाज वाटली.

"इंग्रजी तारीख धरूंया कां, अम्मा? लीव मागायला सोपं."

"तारीख नक्को. तिथी."

"सरि. एकादशी?"

"उपासाच्या दिवशीं पानं कशीं वाढायचीं?"

"अमावास्या?"

"वाध्यार कुठें सांपडणार त्या दिवशीं? घरोघर तर्पणं सांगायचीं असतात. एक वाध्यार चार घरीं पळतो."

"गणपती होऊं देऊंया कां?" नित्यानं हळूच विचारलं. "मग बघूं."

सुंदरीबाईंनी मान हलवली.

"नक्को, बाळ. तेवढें थांबायचं नाहीं."

मुलांचे अप्पा, हनुमंतराव, घरी नव्हते. असते तरी त्यांनी या चर्चेत तोंड उघडलं नसतं. सणवार, पाहुणे, मुलांची लग्नं, सगळं त्यांनी पन्नास वर्षं बायकोवर सोपवलेलं. काहीही विचारायला गेलं की पेपरामागून "सुंदरीला विचार" एवढंच उत्तर यायचं. मुलं लहानपणी त्यांची नक्कल करायची आणि तेही पेपरामागं हसायचे. आज तशी नक्कल करायला कुणी धजलं नाही.

"मग राहिली दशमी. बुधवारीं." विश्वेश फोनवर पुढल्या वर्षांच्या दशम्या शोधू लागला. "पुढल्या वर्षीं पोरांना सुट्टी आहे तेंव्हा. त्याच्या पुढें शनिवारीं येते. मला जमतें. नित्या, तुला?"

"जमतें, अण्णा."

दशमीला सण नव्हता, उपास नव्हता, कुणाचा वाढदिवसही नव्हता. सुंदरीबाई त्या चौकोनाकडं पाहत राहिल्या. काहीतरी खोट निघावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. ती निघत नव्हती.

"सकाळीं तिरुवैयारूला जाऊन कावेरींत स्नान करायचं," शेवटी त्या म्हणाल्या. "मग घरीं येऊन जेवायचं. अप्पांना आवडतात ते वडे आणि केळ्याची भाजी करूं. आणि लेकरांशीं दिवसभर मराठींत बोलायचं. त्यांना बोलतां येत नाहीं, पण समजतें सगळें."

"होव, अम्मा."

"आणि ह्या खेपेला दोन आठवडे रहा."

"रहातों. लीव वाढवून घेतलीय."

"दशमी कधींपर्यंत आहे बुधवारीं?"

"संध्याकाळपर्यंत."

"मग सकाळींच," सुंदरीबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडं त्यांना आवरेना. नित्या उठून त्यांना बिलगली. लहानपणी पडल्यावर रडायची तशी ती मोठ्यानं रडली. वर्षानं पाणी आणून ठेवलं, पण प्यायचं कुणाला सुचलं नाही.

विश्वेश फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेला. गल्लीतून एक ऑटो हॉर्न वाजवत गेली. ती वळेपर्यंत तो थांबला. मग त्यानं नंबर लावला.

"डॉक्टर, आमचं सगळ्यांचं ठरलं," तो म्हणाला. "बुधवारी सकाळी अप्पांचं व्हेंटिलेटर काढा."