सतरा सत्ते

शोकसभेत तासाभरातच सर्जनसाहेबांचा पुरता देव करून झाला होता. "रुग्णसेवेपुढे त्यांना घरदार दिसलंच नाही," असं अध्यक्ष गहिवरून म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेत त्यांची बायको जांभई दाबत होती. तेवढ्यात एक ढेरपोटे गृहस्थ न बोलावताच माइकपाशी जाऊन उभे राहिले.

"माझ्या हर्नियाचं ऑपरेशन यांनीच केलं. कमरेखाली मी बधिर आणि वर टक्क जागा! सिस्टरने यांच्या कानाशी फोन धरलेला, आणि हे टाके घालता घालता मुलाकडून सतराचा पाढा म्हणून घेतायत. सतरा सत्तेला पोरगं अडलं. मग हेही थांबले! आता माझं पोट उघडं, मी किती वेळ दम धरणार? ओरडलो, 'एकशे एकोणीस!' तर मलाच दटावलं, 'तुम्ही गप पडा हो, त्याचं त्याला येऊ दे.'"

अख्खी सभा खो खो हसली. तो पाढेवाला मुलगा आता स्वतः सर्जन होता. तो लाजून चूर झाला आणि शेजारी बसलेल्या आईच्या कानाशी लागला. "तुला हे माहीत होतं?"

"छे रे!" हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. "मला रोज सांगायचे, निवांत चहा पीत बसलोय, पोराला फोन दे. आणि मी मेली त्यांनाच बजावायची, रिकामे बसलाय ना, मग फोन ठेवायची घाई करू नका!"